परदेशी सेवेचा मुक्काम: मिशन दौऱ्यांच्या वादाचा वऱ्हाडातून आढावा

प्रश्न काय आहे

अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण कोरियातल्या एखाद्या चर्चमधली दहा-बारा माणसे स्वतःची रजा आणि स्वतःचा पैसा खर्चून परदेशी जातात. आठ-पंधरा दिवस तिथे राहतात. शाळेच्या भिंतीला रंग देतात, मेडिकल कॅम्पमध्ये मदत करतात, मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा घेतात, रविवारच्या उपासनेत साक्ष देतात आणि परततात. चर्चच्या वर्तुळात अशा दौऱ्याला 'शॉर्ट टर्म मिशन' म्हणतात. त्यावरचा वाद गेली पन्नास-साठ वर्षे चालू आहे. या दौऱ्यांनी नक्की कोणाचे भले होते? ज्या गावात जायचे त्या गावाचे, जाणाऱ्याचे, की दोघांचे? आणि सेवेच्या जोडीने धर्मप्रचार येत असेल, तर सेवेकडे कसे पाहायचे?

हा वाद बहुतेक वेळा जाणाऱ्यांच्या देशात, त्यांच्याच अनुभवावर चालतो. वऱ्हाडचे स्थान वेगळे आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पट्ट्याने सुमारे दीडशे वर्षे यजमानाची बाजू पाहिली आहे. जन्मभरासाठी आलेली माणसे इथे राहून गेली, त्यांच्या संस्था स्थानिकांच्या हाती आल्या आणि कमी मुदतीच्या सेवेचे आपले स्वतःचे नमुनेही याच मातीत घडले. त्यामुळे या वादाचा ताळेबंद वऱ्हाडातून मांडला, तर दूरच्या अभ्यासांत न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसतात.

पार्श्वभूमी: जन्मभराचे मुक्काम

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढच्या दीड दशकात रेल्वे आली आणि कापसामुळे अकोला, खामगाव, अमरावती ही नावे जगाच्या बाजारात पोहोचली. याच वाटेने मिशनरी आले. १८७० च्या दशकात अल्बर्ट नॉर्टन आणि त्यांच्या पत्नी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, इथे कोरकू आदिवासींमध्ये काम करू लागले. १८८० च्या दशकात मार्कस आणि जेनी फुलर हे दांपत्य अकोल्यात स्थिरावले. पुढे त्यांचे काम ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी संस्थेत सामील झाले. अकोला, खामगाव, अमरावती आणि भुसावळ या भागांतल्या अलायन्सच्या मंडळ्यांची, म्हणजे स्थानिक चर्चची, मुळे तिथवर जातात.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी या कामाचा चेहरा बदलला. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे पाच टक्क्यांनी घटली. घरेदारे उद्ध्वस्त झाली, मुले रस्त्यावर आली. अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथगृहे चालली. वऱ्हाडातल्या अनेक जुन्या ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास दुष्काळाच्या या वर्षांपासून सांगितला जातो. त्या काळी मुलांचे प्राण वाचले हे खरे, आणि आसरा देणाऱ्याच्याच धर्मात ती वाढली हेही खरे. पुढच्या साऱ्या वादाची ठिणगी याच दुहेरी सत्यात आहे.

मेळघाटात कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशनने मुक्काम केला. त्या मिशनचे जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले आणि ते १९०३ मध्ये कलकत्त्याला छापले गेले. वर्षानुवर्षे पाड्यांवर बसून ऐकल्याशिवाय असे पुस्तक होत नाही. परतवाड्याजवळ कोठारा इथे कुष्ठरुग्णांसाठी काम उभे राहिले. आज तिथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. तिथे चर्च ऑफ द नाझरीनने १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. त्यासाठी १९३६ मध्ये आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायचर यांनी जवळपास चार दशके वऱ्हाडात काढली. परिचारिकांचे शिक्षण सुरू झाल्यावर रुग्णालयाचा भार हळूहळू इथल्याच माणसांनी उचलला.

त्या काळी परदेशी सेवेला जाणे म्हणजे आयुष्य देणे. अमेरिकेत १८८६ मध्ये विद्यार्थ्यांची जी मोठी चळवळ सुरू झाली, तिच्या प्रवर्तकांत रॉबर्ट वाइल्डर होते. त्यांचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापूरचा, वडील तिथले मिशनरी. या चळवळीतून सुमारे वीस हजार तरुण परदेशी गेले आणि त्यांनी घेतलेली शपथ जन्मभराची होती.

वळण: १९५० नंतर

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला, आणि त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. शाळा, दवाखाने आणि अनाथगृहे ही धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात, असा समितीचा निष्कर्ष होता. ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हा आहे त्यांना परत पाठवावे, अशी तिची शिफारस होती. चर्चच्या संघटनांनी हा अहवाल एकतर्फी असल्याचे सांगत तो नाकारला. पुढे मध्य प्रदेशने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

जन्मभरासाठी येणाऱ्यांचे व्हिसा आटत गेले. दुसरीकडे विमानप्रवास स्वस्त झाला. १९५७ मध्ये अमेरिकेतले काही विद्यार्थी सुट्टीत मेक्सिकोला गेले आणि त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन ही संघटना घडली. १९६० मध्ये 'यूथ विथ अ मिशन' निघाली. तरुणांनी महिन्या-वर्षासाठी जावे, ही कल्पना रुजली आणि पुढे मुदत आठवड्यांवर आली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या अंदाजानुसार २००५ च्या सुमारास अमेरिकेतून दरवर्षी सोळा लाखांच्या आसपास चर्च सदस्य अशा दौऱ्यांवर जात होते. त्यांच्या दौऱ्याची मध्यम लांबी, प्रवासाचे दिवस वगळता, आठ दिवस होती.

पहिली भूमिका: जाणे मोलाचे आहे

समर्थकांचे म्हणणे तीन अंगांनी मांडले जाते. पहिले श्रद्धेचे: ख्रिस्ताने शिष्यांना जगभर जायला सांगितले, तेव्हा जाणे ही आज्ञा आहे आणि ती फक्त पूर्णवेळ मिशनऱ्यांसाठी नाही. दुसरे मनाच्या घडणीचे: ज्याने गरिबी फक्त पडद्यावर पाहिली, तो प्रत्यक्ष माणसे भेटल्यावर बदलतो. स्पायचर यांच्यासारखी माणसेही कधीतरी कोणाच्या तरी ओळखीने आणि ओढीनेच इकडे वळली.

तिसरा मुद्दा यजमानांचा आहे आणि तो अनेकदा दुर्लक्षित राहतो. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रीस्ट यांनी पेरू देशातल्या मंडळ्यांचा अभ्यास केला. तिथल्या लहान, दुर्लक्षित मंडळ्यांना परदेशी पाहुण्यांमुळे गावात पत मिळते, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांची दारे उघडतात, असे त्यांना आढळले. अल्पसंख्य समाजासाठी दूरचे नाते हे बळ असते. वऱ्हाडातल्या छोट्या मंडळीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. परदेशातून कोणी आपल्याला भेटायला येते, आपल्यासाठी प्रार्थना करते, याचा आधार पैशात मोजता येत नाही.

दुसरी भूमिका: चर्चच्या आतली टीका

या दौऱ्यांवरची सर्वांत धारदार टीका चर्चच्या आतूनच आली. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू होते. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे त्यांनी अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे भाषण केले. तुमचा चांगला हेतू तुम्हाला माफी देत नाही. भाषा न कळता, न बोलावता येऊन तुम्ही आपली जीवनपद्धती लादता. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांचा सूर होता.

त्यानंतरच्या लेखनात स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांचे २००९ चे आणि रॉबर्ट लप्टन यांचे २०११ चे पुस्तक विशेष वाचले गेले. हे तिघेही श्रद्धावान ख्रिस्ती. जे काम गावकरी स्वतः करू शकतात ते त्यांच्यासाठी केले, की त्यांचे हात दुबळे होतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. संकटातली तातडीची मदत आणि रोजच्या गरिबीवरचे काम यांत ते फरक करतात. दुष्काळात अन्न वाटणे योग्य, पण दुष्काळ सरल्यावरही वाटतच राहणे घातक. वऱ्हाडाचा १९०० चा अनुभव या भेदाला पुष्टी देतो. अनाथगृहे त्या वेळेची गरज होती. त्यांचे पुढे शाळेत, वसतिगृहात, रुग्णालयात रूपांतर झाले तेव्हाच समाज स्वतःच्या पायावर उभा राहिला.

भारतीय आवाज त्याहून जुना आहे. १९१० मध्ये एडिनबर्गच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाचे ऋण मान्य केले आणि त्याच भाषणात आम्हाला मैत्री द्या अशी मागणी केली. दाता आणि घेणारा या नात्यात मैत्री मावत नाही, हे त्यांचे दुखणे होते. दौऱ्यांवरच्या आजच्या टीकेचे सार त्या मागणीत आले आहे.

तिसरी भूमिका: धर्मांतराची चिंता

बहुसंख्य हिंदू समाजातला एक मोठा वर्ग या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहतो. औषध देणारा हात आणि पुस्तक देणारा हात एकच असेल, तर आजारी किंवा भुकेल्या माणसाची संमती खरोखर मोकळी असते का, हा त्यांचा सवाल आहे. मेळघाटात तो अधिक टोकदार होतो. कोरकू समाजाची स्वतःची दैवते, स्वतःची भाषा आणि सणवार आहेत, आणि बाहेरच्या प्रत्येक प्रवाहाने त्यांना काही ना काही शिकवायचा प्रयत्न केला आहे.

ख्रिस्ती बाजूचे उत्तर असे की, सेवा ही अट नसून श्रद्धेची अभिव्यक्ती आहे. कोठाऱ्याच्या किंवा वाशीमच्या रुग्णालयाच्या दारात कोणी रुग्णाचा धर्म विचारत नाही. शिवाय, आदिवासी किंवा दलित माणूस स्वतःच्या बुद्धीने धर्म निवडू शकत नाही असे मानणे हाच त्याचा अपमान आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात जोर आहे. संमतीचा प्रश्न उठवणे म्हणजे द्वेष करणे नव्हे आणि श्रद्धेने सेवा करणे म्हणजे फसवणूक नव्हे, एवढे दोन्हीकडच्या विचारी माणसांना मान्य असते. अडचण येते ती प्रत्यक्ष प्रसंगात रेघ कुठे ओढायची याची.

अभ्यास काय सांगतात

या विषयावरचा बहुचर्चित अभ्यास कर्ट व्हेर बीक यांचा. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये काही घरे परदेशी चर्चच्या तुकड्यांनी बांधली, काही स्थानिक संस्थांनी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दोन्ही प्रकारच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात लक्षणीय फरक आढळला नाही. खर्चात मात्र तफावत होती. सुमारे दोन हजार डॉलरच्या घरासाठी तुकडीच्या प्रवासावर तीस हजार डॉलरच्या घरात खर्च होत असे. परतलेल्या स्वयंसेवकांच्या दानात किंवा राहणीतही टिकाऊ बदल फारसा दिसला नाही. प्रीस्ट आणि सहकाऱ्यांनाही असेच आढळले: दौऱ्याने माणूस आपोआप कमी अहंकारी किंवा अधिक उदार होत नाही. आधीची तयारी आणि नंतरचा पाठपुरावा असेल तर फरक पडतो.

अनाथाश्रमांच्या भेटींबाबत मात्र बराच एकविचार झाला आहे. दर पंधरवड्याला नवे चेहरे येऊन लळा लावून जातात, याचा मुलांच्या मनावर घाव होतो. काही देशांत तर पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुलेही आश्रमात ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या व्यवहाराची दखल घेतली. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे तत्त्वही हेच आहे: मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय.

कायद्याची चौकट

भारतात मिशनरी कामासाठी वेगळ्या वर्गाचा व्हिसा आहे. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. ई-टुरिस्ट व्हिसावर कमाल एक महिन्याचे बिनमोबदला स्वयंसेवी काम चालते, पण प्रचार नाही. परदेशी डॉक्टरला कॅम्पमध्ये रुग्ण तपासायचे असतील तर भारतीय वैद्यकीय नियामकाची परवानगी लागते. परदेशी देणग्यांवर २०१० चा विदेशी योगदान नियमन कायदा लागू आहे. २०२० च्या दुरुस्तीने सगळा पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेतून घेणे बंधनकारक केले, एका संस्थेने दुसरीला तो वळता करणे बंद केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा वीस टक्क्यांवर आणली. या नियमांमुळे पारदर्शकता आली असे सरकारचे म्हणणे आहे, तर लहान ग्रामीण संस्थांचा श्वास कोंडला असे अनेक संस्थांचे. व्यवहारात याचा अर्थ असा की, पाहुण्याच्या चुकीची किंमत पाहुणा क्वचित मोजतो. तो विमानाने परत जातो आणि चौकशीला सामोरे जातात ते इथले पाळक आणि इथली संस्था.

आपल्या मातीतले नमुने

मुदत थोडी म्हणून सेवा खोटी, असे वऱ्हाडाचा अनुभव म्हणत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा एका गावात फार दिवस टिकत नसत. येत, खराटा घेऊन गाव झाडत, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत आणि पुढे चालू लागत. स्वतःसाठी काही घेत नसत. मुक्काम थोडा, पण भाषा लोकांची, प्रश्न लोकांचे आणि मागे राहिलेले काम लोकांच्या हाती. अमरावतीजवळ तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी जगदंबा कुष्ठनिवास उभारले. तिथे दुसरा नमुना दिसतो: एक माणूस, एक जागा आणि सारा जन्म.

परदेशी पाहुण्यांचा तिसरा नमुना वऱ्हाडाच्या शेजारी, बाबा आमटे यांच्या आनंदवनात घडला. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या शांततावादी संघटनेच्या स्वयंसेवकांनी तिथे येऊन बांधकामात घाम गाळला. काय बांधायचे, हे बाबा आमटे आणि तिथले कुष्ठमुक्त रहिवासी ठरवत होते. मेळघाटातले बालमृत्यू नव्वदच्या दशकात राज्यभर गाजल्यावर पुण्याच्या 'मैत्री' संस्थेने १९९७ पासून पावसाळ्यात शहरी स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवायला सुरुवात केली. एकेक तुकडी थोड्या दिवसांची, पण एकीच्या मागे दुसरी येत राहते आणि नोंदी पुढच्या तुकडीकडे जातात. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला कायमचे राहिले. मेळघाटाला थोड्या दिवसांची फळी आणि कायमचा मुक्काम या दोन्हींची गरज पडली.

ख्रिस्ती परंपरेतही असा नमुना आहे आणि तो पंडिता रमाबाईंचा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातून स्त्रिया कामाला आल्या. १८९८ मध्ये आलेल्या मिनी अब्राम्स त्यांपैकी एक. त्या साऱ्या एका मराठी बाईच्या नेतृत्वाखाली काम करत होत्या. जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःखावर लिहिलेल्या १९०० च्या पुस्तकाला प्रस्तावना रमाबाईंचीच आहे. परदेशी मदत घेऊनही सूत्रे आपल्या हाती ठेवता येतात, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवले.

काय अनुत्तरित आहे

पहिली उणीव पुराव्याची. जाणाऱ्यांच्या मनोबदलावर पुष्कळ लिहिले गेले, यजमानांच्या अनुभवावर फारच थोडे. मंडळीतला दुभाषी, कॅम्पची रांग लावणारी नर्स, पाहुण्यांचा स्वयंपाक करणारी बाई आणि उद्या परत त्याच दवाखान्यात येणारा रुग्ण यांना विचारून केलेला अभ्यास वऱ्हाडात व्हायला हवा.

दुसरा प्रश्न दिशेचा. परदेशातून येणारे कमी झाले, पण भारतीय ख्रिस्ती तरुण स्वतः स्वयंसेवक म्हणून बाहेर जाऊ लागले आहेत, काही परदेशी आणि त्याहून अधिक देशातल्याच दुसऱ्या प्रांतांत. केरळ किंवा तमिळनाडूचा तरुण मेळघाटात आला, तर कोरकू माणसाच्या दृष्टीने तोही परकाच. भाषेचा, संमतीचा आणि नेतृत्वाचा प्रश्न पासपोर्टचा रंग बदलल्याने सुटत नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. दौऱ्याचा खर्च वाचवून तो थेट संस्थेला द्यावा हे हिशेबाने बरोबर दिसते. पण दौराच रद्द झाला तर तो पैसा मुळात गोळा होतो का, आणि झाला तर २०२० नंतरच्या नियमांत लहान संस्थेपर्यंत पोहोचतो का, याचे उत्तर अजून कोणी समाधानकारक दिलेले नाही. चौथा प्रश्न रेघेचा: श्रद्धा न लपवता आणि कोणाच्या गरजेचा फायदा न घेता सेवा कशी करायची, यावर चर्च, शासन आणि गाव यांच्यात मोकळी चर्चा दुर्मीळ आहे. जी होते ती बहुधा पोलीस ठाण्यात किंवा निवडणुकीच्या तोंडावर.

आढाव्याअंती

या साऱ्या इतिहासात काय टिकले ते पाहिले, तर एक सूत्र हाती लागते. कोरकूचे व्याकरण टिकले, कारण लिहिणाऱ्याने आधी ऐकले. वाशीमचे रुग्णालय टिकले, कारण इथल्या मुली परिचारिका झाल्या. मुक्ती टिकली, कारण निर्णय रमाबाईंचे होते. मुक्काम आठ दिवसांचा की चाळीस वर्षांचा, हा प्रश्न त्यानंतरचा. बोलावले कोणी, भाषा कोणाची, निर्णय कोणाचा आणि उद्या काम कोण चालवणार, या चार प्रश्नांची उत्तरे यजमानाच्या बाजूने असतील तर छोटा दौराही उपयोगी पडतो. ती नसतील तर जन्मभराचा मुक्कामही ओझे होऊ शकतो.

म्हणून पुढचे पाऊल येणाऱ्यांपेक्षा यजमानांनी उचलायचे आहे. इथल्या मंडळ्या, रुग्णालये आणि ग्रामसभा यांनी आपल्या अटी लिहून काढाव्यात: कोणते काम हवे, कोणते नको, मुलांची छायाचित्रे काढायची की नाही, प्रार्थना कुठे आणि औषध कुठे, खर्चाचा हिशेब कोणाला. ज्या तुकडीला हे मान्य असेल तिने जरूर यावे. अझरियांनी मागितलेली मैत्री बरोबरीवाचून होत नाही, आणि यजमानाने आपल्या अटी सांगितल्याशिवाय बरोबरीला सुरुवात होत नाही.